मडके कुणाचे, मक्ता कुणाचा?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी, ते येथे जन्मले. अशा गावाचे नाव घेऊन कुणी घरी बीअर करणाऱ्या बायकांची गोष्ट सांगू लागले, तर ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडणारच! पण वाचकहो, जरा दमाने घ्या. हा विषय पेल्याचा जितका आहे, त्याहून अधिक तो मडक्याचा आहे. आणि मडक्याशी जांबच्या स्वयंपाकघराचा संबंध जुना आहे.

हे मडके आंबिलीचे. ज्वारीचे पीठ रात्री ताकात कालवून झाकून ठेवायचे, सकाळी ते आधणाच्या पाण्यात सोडून मीठ, जिरे, लसूण घालून शिजवायचे आणि निवल्यावर ताक मिसळून प्यायचे. उन्हाळ्यात ती पोटाला थंडावा देते, आणि भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्या नैवेद्यातही तिला मान असतो. समर्थांच्या वाङ्मयाच्या निमित्ताने माझे या गावी जाणे-येणे होते. एका वृद्ध मावशींना मी विचारले, “मावशी, पीठ किती तास ठेवायचं?” त्या हसल्या. “घड्याळ बघून कुठं आंबत असतंय का, बाई? वास सांगतो की! थंडीत मडकं चुलीपाशी सरकवायचं, उन्हाळ्यात लांब ठेवायचं.”

रसायनशास्त्राचा प्राध्यापक यालाच तापमान, काळ आणि जिवाणूंची वाढ म्हणेल, फळ्यावर आलेख काढील, आणि विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतील. मावशींचे ज्ञान मात्र ‘बायकांचा स्वयंपाक’ या सदरात जमा होते.

एका पायरीचे अंतर

ही ज्वारी मूळची आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि आपली भाकरी झाली. तिच्या माहेरी मात्र तिची बीअर होते, आणि ती करतात बायका. दक्षिण आफ्रिकेतील झुलू आणि खोसा घरांतील ‘उमकोंबोथी’ हे पेय मका आणि मोड आलेल्या ज्वारीचे असते. ज्वारी भिजवून तिला मोड आणायचे, ते उन्हात वाळवून दळायचे. मोडांत पिठाची साखर करणारी द्रव्ये तयार होतात. पीठ-पाणी आंबू द्यायचे, शिजवायचे, आणि निवल्यावर त्यात पुन्हा मोडाचे पीठ घालून ठेवून द्यायचे. मग यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव साखर खातात आणि तिचे मद्य करतात. आपल्या आंबिलीत धान्याला मोड नाहीत, आणि आंबल्यानंतर तिला उकळी फुटते, की तेथे सूक्ष्म जीवांचा कारभार आटोपला! जांबची आंबील आणि आफ्रिकेची बीअर यांच्यात अंतर आहे ते असे पायरीचे. हात दोन्हीकडे बाईचेच.

जुन्या जगात जेथे पाहावे तेथे हेच हात दिसतात. सुमेर देशात बीअरची देवताच स्त्री होती. तिचे नाव निन्कासी. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी कायदे कोरून ठेवले, त्यांत मद्यगृह चालवणाऱ्या बाईने मापात फसवल्यास तिला पाण्यात टाकावे, अशी शिक्षा आहे. शिक्षा कठोर खरी. पण व्यवसाय कुणाच्या हाती होता, हे तीवरून कळते.

आणि आपल्याकडे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक प्रकरण आहे. सुरा आंबवण्यासाठी जे ‘किण्व’ लागते, ते गोळा करण्याचे काम त्याने स्त्रियांना आणि मुलांना नेमून दिले आहे. त्या किण्वाची कृतीही दिली आहे. त्यात उडीद आणि तांदूळ आहेत! आजची गृहिणी इडलीसाठी जी जोडी भिजत घालते, तीच ही. पुढे कौटिल्य म्हणतो की, कुटुंबवत्सल लोकांना विशेष प्रसंगी घरी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा असावी. परंतु एरवी सरकारी व्यवस्थेबाहेर जो करील, विकील वा विकत घेईल, त्याला सहाशे पणांचा दंड! म्हणजे मडके घराचे आणि मक्ता राजाचा, हा व्यवहार आपल्या देशात चांगलाच जुना आहे.

मक्ता आला, बाई गेली

मध्ययुगीन इंग्लंडात घरोघरच्या बायका ‘एल’ नावाची बीअर करीत. घरापुरती ठेवून उरलेली शेजाऱ्यांना विकत. अशा बाईला ‘ब्रूस्टर’ म्हणत. हा शब्द आज इंग्रजांत आडनाव होऊन राहिला आहे. धंदा गेला आणि आडनाव उरले! ही एल चार दिवसांत बिघडे, म्हणून ती घरगुतीच राही. हॉप नावाच्या वेलीची फुले घातली की बीअर टिकते. बाराव्या शतकातील जर्मन जोगीण हिल्डेगार्ड हिने हॉपचा हा गुण आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवला होता. टिकणारी बीअर दूर पाठवता येऊ लागली. मग मोठी भांडी आली, भांडवल आले, व्यापाऱ्यांचे संघ आले. बाईच्या नावावर ना कर्ज मिळे, ना संघात जागा. सोळाशे साल उजाडेपर्यंत धंदा बहुतांशी पुरुषांचा झाला होता.

आपल्याकडे हे काम कायद्याने केले. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकारच्या मुठीत गेला आणि ज्यांच्या गाठी पैसा होता, त्या मक्तेदारांना तो मिळू लागला. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. चैत्राच्या पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचून आणणारी आदिवासी बाई एका रात्रीत संशयित ठरली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. परवान्यावाचून मद्य करणे त्याने गुन्हा ठरले, आणि महाराष्ट्रात ते आजही तसेच आहे. वसईच्या किंवा मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतून नाताळसाठी मनुका, आले, जांभळे यांची वाइन बरणीत घालून तीन आठवडे रोज ढवळणाऱ्या गृहिणी हा वारसा सांभाळीत आल्या आहेत. पण कायद्याचा काटेकोर अर्थ लावू गेल्यास त्यांच्या बरण्याही त्याच्या कक्षेबाहेर नाहीत.

परदेशात वारे फिरले ते वेगळ्या दिशेने. इंग्लंडने १९६३ मध्ये घरगुती बीअरसाठी लागणारा परवाना काढून टाकला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरापुरती बीअर करण्याची मुभा दिली. त्याच वर्षी कोलोराडोतील बोल्डर येथे छंदी मंडळींची संघटनाही स्थापन झाली. थर्मामीटर आले, स्पर्धा आल्या, जाडजूड पुस्तके आली. आणि मडके घरी परत आले, ते पुरुषाच्या हातात! बीअरच्या व्यवसायात शिरलेल्या स्त्रियांना एकमेकींच्या आधारासाठी २००७ साली ‘पिंक बूट्स सोसायटी’ नावाची स्वतंत्र संस्था काढावी लागली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ही विद्या जगवली, त्याच आता ‘नवशिक्या’ म्हणून दारात उभ्या! बाईने केले की ते घरकाम, आणि पुरुषाने केले की तो छंद, हा भेद तिकडेही सुटला नाही.

दोन्ही बाजूंनी बाईच

मी मद्याची तरफदारी करीत नाही. दारूने संसार कसा उघडा पडतो, हे मराठवाड्यातल्या बाईला सांगायला प्राध्यापक नको. दारूची किंमत पुरुष दुकानात मोजतो आणि बाई घरात. म्हणूनच गडचिरोलीत आदिवासींसह साऱ्या जिल्ह्याने चळवळ केली आणि १९९३ मध्ये दारूबंदी आली. महाराष्ट्रात ‘उभी बाटली की आडवी बाटली’ असे मतदान होते. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. हा अधिकार बायकांनी झगडून मिळवला आहे.

परंतु बंद करण्याचा हक्क आणि केलेल्या कामाचे श्रेय, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात नगरपालिकेने बीअरचा मक्ता स्वतःकडे घेतला होता. बायकांच्या मडक्यांवर पोलिसांचे छापे पडत, आणि नवऱ्यांचा पगार पालिकेच्या बीअरगृहांत जिरे. १९५९ मध्ये तेथील केटो मॅनर वस्तीतल्या बायका काठ्या घेऊन त्या बीअरगृहांवर चालून गेल्या. मडके आमचे फोडता आणि गुत्ता तुमचा चालवता, हा त्यांचा सवाल होता. गडचिरोलीच्या बायका आणि डर्बनच्या बायका वरवर पाहता उलट दिशांना चाललेल्या दिसतात. नीट पाहावे तर दोघींचे मागणे एकच आहे: घरात काय शिजावे, काय आंबावे आणि काय येऊ नये, हे आम्हांला विचारून ठरवा.

मी भाषेची शिक्षिका. मला शब्दांकडे पाहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या महाविद्यालयातील विज्ञानाच्या पुस्तकांत आंबवण्याच्या क्रियेला ‘किण्वन’ म्हणतात. मुले तो शब्द जड म्हणून नाक मुरडतात. कौटिल्याने बायकांच्या ओंजळीत दिलेले किण्व ते हेच, हे त्यांना सांगितले की वर्ग क्षणभर गप्प होतो. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, “बाई, माझी आजी रोज हेच करते.” त्या मुलीने परीक्षेत व्याख्या चुकवली, तरी चालेल. आजीचे काम हे शास्त्र आहे, एवढे तिच्या ध्यानात राहिले, तर मला पुरे आहे.