जुनी स्कूटर अडली तर

इटलीच्या पिआज्जो कंपनीनें १९४६ सालीं बाहेर आणलेली व्हेस्पा पुढें बजाज ऑटोनें परवान्यानें आपल्याकडे बनविली. १९७१ सालीं तो करार संपला. तरी त्या घडणीचीं वाहनें कांहीं घरांतून अजून जपलेलीं आहेत. कळमेश्वरासारख्या कडक उन्हाच्या नि धुळीच्या गांवीं त्यांची निगा कशी राखावी?

या टू-स्ट्रोक यंत्रांत दट्ट्यास निराळें वंगण मिळत नाहीं. पेट्रोलांत मिसळलेलें तेलच तें काम करतें. तेल अधिक झालें तर प्लगवर काजळी धरते आणि सायलेन्सर चोंदतो. कमी पडलें तर दट्ट्या तापून सिलिंडरांत अडकतो व चालत्या गाडीचें मागचें चाक एकाएकीं जखडतें. म्हणून पुस्तिकेंतील प्रमाण मापूनच घालावें. बहुधा तें शंभर भागांस दोन असतें.

यंत्र सुरू न झाल्यास क्रमानें तपासावें. प्रथम पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोंचतें काय, तें पाहावें. मग प्लग पुसून त्याची फट सुमारें ०.६ मिलिमीटर ठेवावी. जेट फुंकून साफ करावा. तारेनें टोकरल्यास छिद्र मोठें होतें. गारवा देणारा पंखा फ्लायव्हीलवरच असतो. त्याच्या वाटेंतील काडीकचरा काढावा.

चालतां चालतां यंत्राचा आवाज जड होऊन वेग मंदावला, तर तत्काळ क्लच दाबून गाडी कडेस घ्यावी व यंत्र निवूं द्यावें. दुरुस्ती मागाहून होते. आधीं जीव सांभाळावा.