विश्लेषण : सबवूफर असूनही बास का बिघडतो? डिजिटल क्रॉसओव्हर कसा लावावा?

घरातल्या स्टिरिओला सबवूफर जोडला की तबल्याचा डग्गा, पखवाज, बास गिटार भरदार ऐकू येतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेकदा घुमणारा, मागे रेंगाळणारा बास पदरी पडतो. मग आणखी मोठा सबवूफर घेण्याचा विचार सुरू होतो. पण अनेकदा दोष सबवूफरचा नसून स्पीकर आणि सबवूफर यांच्यातल्या सांध्याचा असतो. हा सांधा डिजिटल क्रॉसओव्हरने जुळवता येतो.

क्रॉसओव्हर काय करतो?

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. क्रॉसओव्हर त्यांची विभागणी करतो : खालचे सूर सबवूफरकडे, वरचे स्पीकरकडे. डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये हे काम अॅम्प्लिफायरच्या आधी प्रोसेसर करतो. ही सोय होम थिएटर रिसिव्हरमध्ये असते किंवा वेगळा प्रोसेसर जोडता येतो. याचा फायदा स्पीकरलाही होतो. वारंवारता निम्मी झाली, तर तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावे लागते. हे ओझे उतरल्याने गायकाचा आवाज स्वच्छ येतो.

विभागणी किती हर्ट्झवर करावी?

सुरुवात ८० हर्ट्झपासून करावी. ‘टीएचएक्स’ या मानकातही हाच आकडा आहे. स्पीकर अगदी लहान असतील तर १०० ते १२० हर्ट्झ ठेवावे लागते. मात्र तेव्हा बास कोणत्या कोपऱ्यातून येतो हे कानाला कळू लागते. अशा वेळी सबवूफर स्पीकरच्या जवळ ठेवावा. विभागणी प्रोसेसर करत असेल, तर सबवूफरच्या मागचे क्रॉसओव्हरचे बटण बंद किंवा कमाल आकड्यावर ठेवावे. नाही तर तोच आवाज दोनदा गाळला जातो.

‘२४ डेसिबल’ म्हणजे काय?

हा फिल्टरचा उतार. ८० हर्ट्झची विभागणी असेल, तर १६० हर्ट्झला सबवूफरचा आवाज सुमारे २४ डेसिबलने उतरलेला असतो. सिगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली या अभियंत्यांच्या नावाने ओळखला जाणारा या उताराचा फिल्टर सर्वाधिक वापरात आहे. त्यात विभागणीच्या बिंदूवर दोन्ही बाजू ६ डेसिबलने खाली असतात आणि त्यांची बेरीज सपाट येते. अट एकच : दोन्हींचा आवाज कानापाशी एकाच वेळी पोहोचला पाहिजे.

वेळ कशी जुळवायची?

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. ८० हर्ट्झचे एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचे असते. सबवूफर स्पीकरपेक्षा २.१ मीटर दूर असेल, तर त्याचा आवाज अर्धे आवर्तन मागे पडतो आणि दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. म्हणून जवळच्या स्पीकरला तेवढा विलंब द्यावा. तपासण्याची सोपी युक्ती : सबवूफरची पोलॅरिटी उलटी करून ८० हर्ट्झचा सूर वाजवावा. बसण्याच्या जागी तो सर्वात क्षीण होईपर्यंत विलंब थोडा थोडा बदलावा आणि मग पोलॅरिटी पूर्ववत करावी.

मग खोलीचे काय?

४ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झचा सूर भिंतींपाशी घुमतो आणि मधोमध जवळपास नाहीसा होतो. घुमणारा सूर इक्वलायझरने खाली आणता येतो. नाहीसा झालेला सूर मात्र वाढवू नये : १० डेसिबल वाढीसाठी अॅम्प्लिफायरला दहापट शक्ती लागते आणि तरी खड्डा फारसा भरत नाही. त्यापेक्षा सोफा किंवा सबवूफर हलवावा. दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवल्यास हा चढउतार बराच कमी होतो.

क्रम कोणता?

आधी जागा, मग विभागणी, मग विलंब, मग आवाजाची पातळी आणि शेवटी इक्वलायझर. मोजमापासाठी मापनाचा मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. जागा किंवा विभागणी बदलली, की पुढच्या पायऱ्या पुन्हा कराव्या लागतात. नवा सबवूफर घेण्याआधी एक सुटीची दुपार या कामाला द्यावी.