शोक त्यांचा, बातमी रस्त्याची

गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यात, आलापल्लीहून सिरोंचाकडे जाताना जिमलगट्टा लागतं. सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून एक जोडपं आपल्या दोन मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन पायी निघालं. तापाने दगावलेली दोन्ही भावंडं दहा वर्षांच्या आतली. गाव 15 किलोमीटरवर, वाट चिखलाची. त्यांचं चित्रण विधानसभेचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार यांनी समाजमाध्यमावर टाकलं आणि ते देशभर गेलं.

ते दाखवायलाच हवं होतं. अहेरी तालुक्यातला रस्ता आणि रुग्णवाहिकेचा प्रश्न निवेदनं देऊन मुंबईला ऐकू जात नाही. पण त्यासोबत आईबापांची नावं छापली गेली, चेहरे दिसले आणि मुलांना आरोग्य केंद्रात आणण्याआधी कुणाकडे नेलं होतं याचीही चर्चा झाली. रस्त्याच्या बातमीने सरकारला जाब विचारला. या चर्चेने मात्र ज्यांची लेकरं नुकतीच गेली होती, त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

व्यक्तिगत शोकाच्या क्षणी छायाचित्रणाने घुसखोरी करू नये, असं भारतीय प्रेस परिषदेचे पत्रकारितेचे निकष सांगतात. अपघात वा नैसर्गिक आपत्तीतल्या पीडितांच्या छायाचित्रांना व्यापक जनहितासाठी त्यांत मुभा आहे. पण परिषद ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही आणि दूरचित्रवाणी तिच्या कक्षेतच नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा. तो मागायला या जंगलातलं कोणतं कुटुंब नागपूर खंडपीठाची पायरी चढणार आहे?

म्हणून भिस्त बातमीदारावरच. चित्रण पाठमोरं घेता येतं; खांद्यावरचा भार आणि चिखल त्यातही दिसतो. गावाचं नाव रस्त्यासाठी द्यावं लागेल, माणसांची नावं कशासाठी? परवानगी विचारायची तर माडिया-गोंडी बोलणाऱ्या कुणाला मध्ये घेऊन विचारावी. मराठी प्रश्नाला दुःखात हललेली मान म्हणजे होकार धरू नये.

मला अधिक दोषी वाटतो तो शहरातला संपादकीय विभाग. तुटपुंज्या मानधनावरच्या तालुका वार्ताहराकडे समोरून काढलेला, रडता चेहरा तिथूनच मागितला जातो. संपादकांनो, ती मागणी थांबवा आणि त्याच वार्ताहराला पुढच्या पावसाळ्याआधी तो रस्ता बघायला पाठवा.