आज्ञेची मुदत

अकोल्यात गेल्या उन्हाळ्यात स्पर्धेच्या तयारीला लागलेल्या काही मुलांनी मला बोलावलं. त्यांचा रोबो सुटला होता आणि मुलगा ओरडत होता, ‘काका, थांबूनच नाही राहिला ना तो!’ रोबो भिंतीवर आपटला, तेव्हाच थांबला. मी इंजिनिअर नाही. अमरावतीत रेडिओ दुरुस्त करता करता जे शिकलो, तेवढंच माझं शिक्षण. पण कारण शोधायला बसलो.

अशा स्पर्धा आपल्याला नव्या नाहीत. २००२ साली टोकियोत सुरू झालेली एबीयू रोबोकॉन २००८ साली पुण्यात झाली, तेव्हा खेळाचा विषयच गोविंदा होता. हंडी यंत्रांनी काढायची होती.

मुलांच्या रोबोत ईएसपी३२ नावाची चिप होती. ती स्वतःच वायफाय तयार करते. मोबाइल त्याला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ हा पत्ता टाकला की नियंत्रणाचं पान उघडतं. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. साधं वेबपान पत्रासारखं असतं. आपण विचारावं, मग उत्तर यावं. २०११ मध्ये प्रमाणित झालेला वेबसॉकेट मात्र चालू ठेवलेल्या फोनसारखा आहे. दोन्हीकडून केव्हाही बोलता येतं.

मुलांनी पान चांगलं केलं होतं. आपल्याला कोणकोणती बटणं आणि आकडे लागतात, हे रोबोच पानाला सांगे आणि पान त्याप्रमाणे मांडणी करी. ज्याला जे हवं ते त्याने वर ओढून ठेवावं. नावंही मराठीत होती: ‘धर’, ‘सोड’, ‘थांब’. वळणाचा गुणांक पानावरच बदलता येई, त्यासाठी प्रोग्राम पुन्हा चढवावा लागत नसे. हा गुणांक म्हणजे बैलाचा कासरा. सैल सोडला तर गडी वाट सोडतो, फार ओढला तर नागमोडी चालतो.

चूक दुसरीकडे होती. ‘पुढे’ ही आज्ञा मिळाली की ‘थांब’ येईपर्यंत रोबो चालतच राही. मध्येच वायफाय तुटलं तर ‘थांब’ पोचणार कसं? म्हणून आम्ही आज्ञेला मुदत घातली. बोट बटणावर असेतो पान दर पन्नास मिलिसेकंदांनी आज्ञा पाठवतं. तीनशे मिलिसेकंदांत काही आलं नाही, तर रोबो आपणहून मोटर बंद करतो.

तरी एक फट उरली. वेबसॉकेट अडकलेले निरोप टाकून देत नाही. जोडणी सावरली की तुंबलेल्या जुन्या आज्ञा एकदम येतात. त्यावर उपाय असा केला: थांबल्यावर रोबो नवा क्रमांक ठरवून पानाला कळवतो, आणि जुन्या क्रमांकाची आज्ञा मानत नाही. चालकाने ‘सुरू’ पुन्हा दाबल्यावरच तो हलतो.

मग मुलांनी भर धावेत मोबाइलचं वायफाय बंद केलं. रोबो भिंतीच्या हातभर अलीकडे थांबला. त्या दिवशी टाळ्या रोबो थांबला म्हणून पडल्या.