मोटारीच्या इंजिनाखालील गार्डाची दुरुस्ती

गांवनकाशांत जिला पाणंद म्हटलें आहे, ती पावसाळ्यानंतर पुष्कळदां ओढ्याहून वेगळी ओळखूं येत नाहीं. तींत ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्या खोल पडल्या, कीं मधला उंचवटा मोटारीच्या पोटास घासतो आणि पहिला तडाखा इंजिनाखालील गार्डास बसतो. गार्ड फाटला म्हणजे बहुतेक मालक तो काढून माळ्यावर टाकतात व गाडी तशीच हाकतात. ही काटकसर नव्हे. चिखल व खडे आल्टर्नेटरच्या पट्ट्यापर्यंत जाऊं न देणें हें त्याचें काम आहे. कित्येक गाड्यांत रेडिएटरचा वाराहि त्याच्याच आधारें वळविलेला असतो.

अर्धवट लोंबणारा गार्ड तर त्याहून वाईट. ऊसतोडणीच्या दिवसांत वाळलेलें पाचट त्याच्या फटींत शिरून सायलेन्सरच्या नळीपाशीं सांचतें. ती नळी इंजिनाजवळ शेंकडों अंश तापते. गाडी पेटावयास आणखी काय पाहिजे?

गार्ड उतरविण्यासाठीं गाडी घट्ट जमिनीवर घ्यावी, चाकांस उटी लावावी व खालीं पोलादी स्टँड द्यावे. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. वीट भाराखालीं एकाएकीं फुटते.

हल्लींचे पुष्कळ गार्ड पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यावर साधें चिकटद्रव्य धरत नाहीं, तेव्हां एपॉक्सीवर पैसे घालवूं नयेत. गार्ड साबणानें धुवून चिरेच्या अगदीं टोंकाशीं ३ मिलिमीटरचें भोंक पाडावें, म्हणजे चीर पुढें धांवत नाहीं. मग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें ठिगळ, चिरेच्या दोहों बाजूंस दोन-दोन बोटें येईल असें कापून, वरच्या अंगानें पॉप रिव्हेटांनीं बसवावें. खालून बसविल्यास त्याची कड दगडास अडकते. प्लास्टिकच्या अंगास मोठा वायसर अवश्य घालावा, नाहींतर रिव्हेट पुढच्याच खड्ड्यांत प्लास्टिक फाडून निघतो. बोल्टाचें भोंक फाटलें असल्यास तेथेंहि हाच उपाय. तेल सोडण्याचें व पाणी निथळण्याचें छिद्र मात्र ठिगळानें झांकूं नये.

लोखंडी गार्ड वांकला असेल तर तो उतरवूनच ठोकावा. गाडीस लागलेला असतांना वेल्डिंग करूं देऊं नये, कारण इंधनाची नळी जवळूनच गेलेली असते. कांहीं जण प्लास्टिकच्या जागीं लोहाराकडून जाड पत्रा करून घेतात; खडकाळ वाटेवर तो टिकतो खरा, पण त्यास वाऱ्याचीं भोंकें नसल्यास इंजिन तापतें, आणि मूळच्या क्लिपांस त्याचें वजन पेलत नाहीं. तो चासीसच बोल्टांनीं धरला पाहिजे. बसविल्यावर आठवड्याभरानें सर्व बोल्ट एकदां पुन्हां आवळून पाहावे.