हरीचे चार हात, पोळ्याचे आठ बैल

आमच्या वाशिमला बालाजीचं मोठं मंदिर. त्यामुळे वर्गात फॅक्टोरियल शिकवताना मी सूत्राआधी फळ्यावर विष्णूचे चार हात काढतो. शंख, चक्र, गदा, पद्म. पहिल्या हातासाठी चार पर्याय, मग तीन, दोन, एक. ४×३×२×१ म्हणजे २४. ज्यांच्या घरी संध्येतली केशव-नारायणापासूनची चोवीस नावं कानावर पडतात, ती पोरं लगेच मान वर करतात. मूर्तिशास्त्रात या चोवीस मूर्ती आयुधांच्या क्रमावरूनच ओळखतात. हे गणित भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त घातलं, जोडीला दहा आयुधांच्या शंकराचंही. शंकराचं उत्तर ३६,२८,८००! उद्गारचिन्हाची खूण मात्र फार उशिरा, १८०८ मध्ये क्रिस्तियान क्रांप यांनी आणली.

खरी गंमत पुढेच. केशवाच्या ज्या हातात जे आयुध, ते त्या हातात येऊच द्यायचं नाही, असं ठरवलं तर? फक्त ९ मूर्ती उरतात. हा सबफॅक्टोरियल.

पोळ्याच्या दिवसांत मी बैलांवर येतो. आठ बैलांच्या चार जोड्या किती तऱ्हांनी लागतील? कोणताही एक बैल धरा, त्याचा जोडीदार सातांतून निवडायचा. उरलेल्यांपैकी एकाचा पाचांतून, मग तिनांतून, शेवटी एकच. ७×५×३×१ = १०५. एकाआड एक आकडा गुणायचा, हा दुहेरी फॅक्टोरियल. डावा-उजवा बैल बदलला की जोडीच वेगळी, असं मानणारा शेतकरी असेल (आणि त्याचं बरोबरच आहे), तर उत्तर १,६८० वर जातं.

वर्गाला माझी अट एकच: हवा तो नवा फॅक्टोरियल काढा, पण तो काय मोजतो ते सांगा. घातावर घात चढवणारा एक प्रकार आहे. चारासाठी २,६२,१४४ आणि पाचासाठी थेट १,८३,२३१ अंकी संख्या! डोळे दिपतात, पण शेतात-बाजारात त्यानं मोजावं असं काही अजून कुणी मला दाखवलेलं नाही.

त्यापेक्षा सोयाबीन सोंगायला आलेल्या नऊ मजुरांच्या तीन तिकड्या बऱ्या. पहिल्या मजुराचे दोन सोबती आठांतून निवडायचे, २८ तऱ्हा. पुढच्या तिकडीला १०, शेवटच्या तिकडीला १. गुणाकार २८०. पोरं याला ‘तिकडी फॅक्टोरियल’ म्हणतात. पुस्तकात हे नाव नसलं तरी हिशेब पक्का आहे. मजूर बारा असतील तर २८० ला कितीनं गुणायचं, ते तुम्हीच काढा. उत्तर १५,४०० यायला हवं.