बदलापुराहून निघा : मोटारीतून फुटबॉलची मैदाने

वाचकहो, रविवारी मोटार काढायची म्हटली की आपली वाट ठरलेली. बदलापूरकर बारवी धरणाकडे वळतात, अंबरनाथकर पाहुण्यांना शके 982 चे शिवालय दाखवतात आणि उल्हासनगरकर, खरे सांगायचे तर, पाहुण्यांना बाजारातच फिरवतात. एक रविवार निराळा काढून पाहा. पावसाळ्यात चिखलाने माखून येणारा, फुटबॉलचे वेड लागलेला मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर त्याला मुंबईची मैदाने दाखवा. आपल्या तिन्ही गावांत राष्ट्रीय सामना व्हावा असे मैदान नाही. आणि पडद्यावर पाहून मैदानाची रुंदी काही कळत नाही. सामना नसेल त्या दिवशी आत सोडतीलच असे नाही, म्हणून अंधेरीला सामना असेल असाच दिवस निवडा.

सकाळी लवकर निघून काटई नाका, शिळफाटा, महापे करीत नेरूळला या. महामार्गालगतच डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम दिसते. ते 2008 साली खुले झाले. छत असे बाहेर झुकवले आहे की मध्ये एकही खांब नाही. 2022 च्या फेब्रुवारीत येथे आशियाई महिला चषकाचा अंतिम सामना झाला. दोन गोलांनी मागे पडलेल्या चीनने कोरियाला 3-2 असे हरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही येथेच झाला, तो स्पेनने जिंकला. मुलगी बरोबर असेल तर हे तिला आवर्जून सांगा.

मात्र एक गोष्ट समजून घ्या. हे मैदान मुळात क्रिकेटच्या घडणीचे, म्हणजे गोल. फुटबॉलचे मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद. गोलात आयत मांडला की बाजूला तीस-एक मीटरची मोकळी जागा उरते, आणि प्रेक्षक तेवढा दूर जातो. तेव्हा येथे वरच्या रांगेत बसावे. खेळाडूंची मांडणी नकाशासारखी दिसते. चेंडूचा आवाज ऐकायचा असेल तर कूपरेजला चला.

वाशीचा पूल, मानखुर्द, मग पूर्व मुक्त मार्गाने थेट कोटात. (दुचाकीला तो मार्ग बंद आहे बरे का!) जहाजांसाठी लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिरांवरून पडलेले हे कूपरेज नाव. मैदान लहान, रस्त्याला चिकटून. पण रोव्हर्स चषकाच्या आठवणी येथल्याच. 1891 साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती गोऱ्या पलटणींची मिरास होती. 1937 साली बंगलोर मुस्लिम्सने ती मोडली. पुढे 1950 ते 1954 सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी चषक नेला. एकविसाव्या शतकाच्या तोंडावर ही स्पर्धा बंद पडली. मैदान राहिले, चषक गेला. कूपरेजच्या फाटकाशी उभे राहून याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

जेवण उरकून सागरी किनारा मार्ग आणि सागरी सेतूने वांद्र्याला या. येथले मैदान नेव्हिल डिसूझा यांच्या नावाचे आहे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असे करणारे ते पहिले आशियाई. भारत 4-2 ने जिंकला आणि शेवटी चौथा आला. एवढ्या माणसाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते, हे काही बरे नव्हे.

शेवटचा मुक्काम अंधेरीचे शहाजीराजे क्रीडा संकुल. 1996 साली मायकेल जॅक्सन नाचला ते हेच. 2016 पासून मुंबई सिटी संघाचे हे घर. पण सांगण्यासारखी गोष्ट 2018 च्या जूनमधली. चिनी तैपेईविरुद्ध भारताने पाच गोल केले, त्यांतले तीन कर्णधार सुनील छेत्रीचे. पाहायला आले जेमतेम अडीच हजार लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून विनंती केली : टीका करा, नावे ठेवा, पण ती मैदानात येऊन करा. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची तिकिटे संपली. तो त्याचा शंभरावा सामना. धो धो पाऊस, मैदानात पाणी, तरी कुणी जागचे हलले नाही. छेत्रीने दोन गोल केले, भारत 3-0 ने जिंकला. तेव्हा तिकीट काढूनच आत जा, आणि दिवे लागण्याआधी जागेवर बसा. खेळाडूंचा सराव पाहण्यात पोरे जे शिकतात ते सामन्यात शिकत नाहीत.

परतताना जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता, ऐरोलीचा पूल, महापे. शिळफाट्याला गर्दी लागेलच. मागच्या आसनावर पोरे झोपलेली असतील. पाणी आणि थोडे खाणे हाताशी ठेवा.